दाणेही सोडले

“आणि दाणे? तेही सोडलेस?”

तुंगामाईंच्या हातातलं सूप थांबलं. भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं ओसरीभर उडाली होती.

“तेही सोडले,” सुगंधा म्हणाली. मान ताठ.

टेकडीवर देवीचं लहानसं देऊळ, त्याला लागून माईंची खोली. सुगंधा दर मंगळवारी यायची, पाया पडायची, माई सांगतील ते मुकाट्यानं ऐकायची. आज कडेवर चार महिन्यांचं लेकरू होतं, सोबत थोरली जाऊ कुमुद होती, आणि ऐकून घेण्याची तयारी मात्र नव्हती.

“माई, हिला तुम्हीच सांगा,” कुमुद म्हणाली. “चातुर्मास लागला तसं हिनं धान्य बंद केलं. ते नवसाचं होतं, मी काही बोलले नाही. मग साबुदाणा सोडला, भगर सोडली, रताळं सोडलं. आता दिवसाला एक केळं! अंगावरचं दूध आटत चाललंय. वरचं पोराला पचत नाही. मांडीवर घेतलं की ओढतं, ओढतं आणि रडत सुटतं.”

“देवी बघेल त्याचं.”

“देवीनं शेंगदाणे मग कशाला जन्माला घातले? अख्खी आळी दाण्याच्या कुटावर उपास काढते. शेतावरच्या बायका मूठभर दाणे आणि गुळाच्या खड्यावर दिवसभर राबतात. हिलाच तेवढे चालत नाहीत!”

“दाण्यांनी पित्त होतं.”

“आणि केळ्यावर राहून काय, बाळसं येतं?”

माईंना हसू आलं. सुगंधाला आलं नाही.

तिनं पोराला ओसरीवरच्या गोधडीवर निजवलं आणि माईंसमोर बसली.

“माई, आधीच सांगते. तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. पण आज तुम्ही सांगितलंत तरी नेम मोडणार नाही.”

“मोड म्हटलं कोणी?”

माईंनी दाणे खलात घेतले. कुटू लागल्या. दाण्यांना तेल सुटलं तसा खमंग वास दरवळला. सुगंधानं तोंड दुसरीकडे वळवलं.

“हा पोटात असताना डॉक्टरांनी हात टेकले होते,” ती म्हणाली. “मी देवीला म्हटलं, हा हाती लागू दे, चातुर्मासभर उपास करीन. तो हाती लागला. आता मी सवलती शोधत बसू?”

“दाणे सोडीन, असं म्हणाली होतीस?”

सुगंधा पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“सुगंधा?”

“नाही. उपास करीन एवढंच म्हणाले होते. बाकीचं मी वर घातलं.”

“का?”

“दाण्याची आमटी, दाण्याचे लाडू, वर दाण्याची चटणी... त्याला काय उपास म्हणायचं? तसला तर कोणीही करतं.”

“हं,” कुमुद म्हणाली. “आता कळलं. कोणीही करतं ते हिनं कसं करायचं!”

“वहिनी, तुम्ही गप्प बसा! तुमचं लेकरू असतं तर कळलं असतं!”

कुमुदला मूल नव्हतं.

सुगंधानं जीभ चावली. पण बोललेलं तिनं मागे घेतलं नाही.

माईंनी गूळ चिरून खलात घातला, पुन्हा चार घाव दिले. मग एक लाडू वळला. एकच. तो केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवला, वर तुळशीपत्र ठेवलं, आणि पान घेऊन उठल्या.

देवीच्या नैवेद्याची वेळ झालीच होती. सुगंधा वाटेतून बाजूला सरकली. सवयीनं हात जोडले.

माई गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या.

तिथून परत फिरल्या.

गोधडीपाशी येऊन बसल्या. पोर जागं होतं, मूठ तोंडात घालून चोखत होतं. माईंनी त्याच्यासमोर जमिनीवर पाण्यानं चौकोन काढला. त्यावर पान ठेवलं. पानाभोवती पाणी फिरवलं. डोळे मिटले.

“माई!” सुगंधा ताडकन उभी राहिली. “देवीचा नैवेद्य आहे तो!”

“हो.”

“आणि देवी आत आहे!”

माई डोळे मिटूनच बसल्या होत्या. पोरानं मूठ तोंडातून काढली आणि रडायला लागलं. बारीक, दमलेल्या आवाजात...

“अहो, देवीच्या पुढ्यातला घास असा पोरापुढे? कोणी पाहिलं तर काय म्हणेल?”

“पाहू दे.”

“पाप लागेल माई!”

“मला लागू दे.”

पोर रडतच होतं. कुमुद त्याला उचलायला वाकली. माईंनी हातानंच तिला थांबवलं.

“खा रे राजा,” माई पोराला म्हणाल्या. “तुझ्यापुढे वाढलंय. खा.”

सुगंधाला आता रडू आणि राग दोन्ही आवरेना.

“कसा खाईल तो? चार महिन्यांचा जीव! त्याला दात तरी आहेत का?”

माईंनी डोळे उघडले. पान उचललं आणि सुगंधापुढे धरलं.

“मग त्याच्यासाठी चावणारं कोणीतरी बघ.”