टिटवीची नक्कल

एका जंगलात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका अस्वलाचे दुकान होते आणि त्या दुकानात एक साळुंकी कामाला असे. दुकान घरट्याच्या सामानाचे. सावरीचा कापूस, कबुतरांची पिसे, सुगरणीने विंचरून दिलेले गवताचे धागे, वाळवलेले शेवाळ असा सगळा मऊ माल वडाच्या एका मोठ्या ढोलीत खालपासून वरपर्यंत रचलेला असायचा. माल काढून द्यायला एक खार होती. सांगाल ती जुडी ती सरसर चढून खाली आणी. गिऱ्हाइकाशी बोलायचे काम मात्र साळुंकीचे, कारण गोड बोलावे तर साळुंकीनेच.

"या ताई, बसा. उन्हातून आलात, आधी दम खा," असे ती म्हणायची आणि नुसते बघायला आलेली चिमणीसुद्धा चोचभर कापूस घेऊन बाहेर पडायची. अस्वलाला तिचे कोण कौतुक! ते येईल त्याला सांगे, "आमची साळुंकी म्हणजे दुकानाची शोभा."

पण मुलांनो, या शोभेला एक खोड होती. गिऱ्हाइकाची पाठ वळली की साळुंकी त्याची नक्कल करी. बदक गेले की ती बदकासारखी डुलत चाले. घुबड गेले की डोळे वटारून घुबडाच्या आवाजात भाव विचारी. आवाज इतका हुबेहूब, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला घुबड परत आले असेच वाटावे. खार पोट धरून हसे आणि त्या हसण्याची साळुंकीला चटक लागली होती. अस्वल त्या वेळी मधाच्या शोधात बाहेर गेलेले असे, त्यामुळे त्याला यातले काही ठाऊक नव्हते. आणि गिऱ्हाईक तर केव्हाच निघून गेलेले! मग यात कुणाचे काय बिघडले, असे साळुंकीला वाटे. तुमच्यापैकीही काहींना वाटले असेल. खोटे कशाला बोलू, लहानपणी मलाही वाटत असे.

एकदा भर उन्हाळ्यात दुकानात एक टिटवी आली. काटक्यांसारखे पिवळे पाय, दोन पावले टाकली की थांबायचे आणि मान उडवून इकडेतिकडे पाहायचे. टिटवी घरटे बांधत नाही हे सगळ्या जंगलाला माहीत. ती आपली अंडी उघड्या जमिनीवर, गोट्यांमध्ये घालते. त्यामुळे ही दुकानात कशाला आली, याचेच साळुंकीला आश्चर्य वाटले.

"या ताई, या! काय दाखवू?"

"सगळंच दाखवा," टिटवी हळू आवाजात म्हणाली.

खारीने सावरीचा कापूस काढला. टिटवीने तो छातीशी धरून पाहिला आणि विचारले, "हा लांबून दिसतो का हो?" साळुंकी म्हणाली, "ताई, दिसायलाच तर घेतात!" टिटवीने कापूस बाजूला ठेवला. मग पिसे निघाली. "ही वाऱ्याने उडतात का?" मग शेवाळ निघाले. "हे उन्हात तापतं का?" खार वर चढली, खाली उतरली, पुन्हा वर चढली. दुकानभर मालाचा पसारा झाला. शेवटी दगडफुलाची एक जुडी टिटवीने जमिनीवर पसरली, दहा पावले मागे जाऊन पाहिली, परत येऊन पाहिली आणि म्हणाली, "हे बरं वाटतं. पण ह्यांना विचारून उद्या सांगते."

"सावकाश या ताई, दुकान तुमचंच आहे," साळुंकी हसून म्हणाली. मनात मात्र म्हणाली, 'घेणं ना देणं, नुसतं फुकटचं येणं!'

आता साळुंकीला ठाऊक नसलेली गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. ओढ्याच्या कोरड्या पात्रात टिटवीची चार अंडी होती. मागच्या उन्हाळ्यात गोटे इतके तापले की तिची चारही अंडी वाया गेली. या वर्षी अंड्यांखाली घालायला तिला असे काही हवे होते, की जे तापणार नाही, उडणार नाही आणि आकाशातून कुणाला दिसणार नाही. पण अंडी कुठे आहेत हे टिटवी कधी कुणाला सांगत नाही. म्हणून बिचारी कारण न सांगता नुसते प्रश्न विचारत होती. तिकडे टिटवा उन्हात पंख पसरून अंड्यांवर सावली धरून बसला होता. टिटवा-टिटवीचा नियम असा, की एकाने शत्रू पाहून हाक दिली की दुसऱ्याने तत्काळ अंडी सोडायची, लांब जाऊन जखमी झाल्याचे सोंग करायचे आणि शत्रूला आपल्या मागे न्यायचे.

दुकानातून निघालेली टिटवी सरळ ओढ्याकडे गेली नाही. कुणी मागे येऊ नये म्हणून ती टेकडीला वळसा घालून निघाली. ती दिसेनाशी झाली मात्र, साळुंकीने एक पाय वर उचलला, मान उडवली आणि सुरू केले, "हा लांबून दिसतो का हो? हा उडतो का हो? हा तापतो का हो?"

खार पसाऱ्यातच लोळायला लागली. "बास गं बास, पोट दुखलं!"

"अगं, हिला मऊ गादी कशाला हवी माहीत आहे का? आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपते ना, पाठीला खडे टोचत असतील!" साळुंकी पाठीवर पडली, दोन्ही पाय वर केले आणि गळा काढून टिटवीच्या आवाजात ओरडली, "टिटिव् टिव्! टिटिव् टिव्!"

लगेच ओढ्याकडून तशीच हाक उलट आली. साळुंकी टुणकन उठून बसली. "ऐकलंस? खऱ्या टिटव्यालाही फसवलं मी!" म्हणाली आणि स्वतःवरच खूश झाली. समोरच्या झाडावरून एक कावळा उडाला आणि ओढ्याकडे गेला, तो तिने पाहिला. पण कावळे काय, उडतच असतात.

टिटव्याने आपल्या बायकोची हाक ऐकली होती. तो अंडी सोडून धावला, पंख फरफटत पार वळणापर्यंत गेला. शत्रू कुठेच नव्हता. परत येऊन पाहतो तर चारांपैकी एक अंडे फुटले होते आणि कावळा चोच पुसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी पुन्हा आली. त्या दिवशी अस्वलही दुकानात होते. टिटवीचे डोळे सुजले होते.

"कालचं दगडफूल द्या," ती म्हणाली. "तीन अंड्यांपुरतं. होती चार. आता लपवून काय करू?"

खार जुडी आणायला वळली आणि मधेच थांबली. टिटवी साळुंकीला म्हणाली, "बाई, तुमचे उपकार कसे मानू? टिटवी दारात आली की लोक अपशकुन म्हणून हाकलतात. तुम्ही बसा म्हणालात. एवढा माल उलगडून दाखवलात, मी इतकं विचारलं, तरी एका शब्दाने कंटाळला नाहीत."

साळुंकीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपण पसाऱ्यात पाय वर करून पडलो होतो ते तिला आठवले.

"अंड्याचं काय झालं?" अस्वलाने विचारले.

"कावळ्याने फोडून खाल्लं. हे म्हणतात, तूच हाक दिलीस म्हणून मी अंडी सोडली. मी म्हटलं, मी नाही ओरडले. पण ते खोटं बोलायचे नाहीत, आणि माझा आवाज त्यांना कळणार नाही तर कुणाला कळणार? रात्रभर विचार केला. मीच ओरडले असेन. कशाला तरी भ्याले असेन आणि माझ्या लक्षात राहिलं नसेल." टिटवीने डोळे पंखाला पुसले. "मीच माझं अंडं घालवलं, बाई."

खारीने शेपटीआड तोंड लपवले. कालची हाक, ओढ्याकडून आलेले उत्तर, उडालेला कावळा, सगळे साळुंकीला एकदम कळले. गप्प बसणे सोपे होते. खार बोलणार नव्हती आणि टिटवीला तर तिचा संशयही नव्हता.

"असं मनाला लावून घेऊ नका, ताई," साळुंकीच्या तोंडून सवयीने निघाले. किती गोड आवाज होता तो! तिला स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली. तिने मान खाली घातली.

"ताई, तुम्ही नाही ओरडलात. मी ओरडले. तुमच्या आवाजात."

टिटवीला काही कळेना. "तुम्ही? तुम्हाला शत्रू दिसला होता का?"

"नाही."

"मग कशासाठी?"

साळुंकी म्हणाली, "हसण्यासाठी."

टिटवी दोन पावले तिच्याजवळ आली. मग तिने विचारले, "आणखी काय काय केलंत?"

"तुमची चाल केली. तुमचे प्रश्न केले. तुम्ही झोपता कशा, तेही केलं."

"मग आता करून दाखवा."

"ताई, नको..."

"दाखवा ना. मी कधी पाहिलेलं नाही."

साळुंकीने एक पाय उचलायचा प्रयत्न केला, पण तो उचलेना. चोच उघडली, पण आवाज फुटेना. जमिनीने पोटात घ्यावे असे तिला वाटले. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागले आणि ते पुसायचीही तिला लाज वाटली.

"माझ्यासमोर होत नाही," टिटवी शांतपणे म्हणाली, "मग काल कसं झालं?"

अस्वल पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, दुकान माझं आहे, तेव्हा लाजही माझीच. या जुडीचं काही देऊ नका."

"फुकट नको," टिटवी म्हणाली. मोबदल्याला आणलेले ज्वारीचे दाणे तिने खाली ठेवले. साळुंकीने जुडी उचलून पुढे केली होती, पण टिटवीने ती घेतली नाही. तिने खारीकडून दुसरी जुडी मागून घेतली आणि ती निघाली. दोन पावले टाकून थांबत, मान उडवत, पार टेकडीच्या वळणाआड जाईपर्यंत ती दुकानातून दिसत होती. साळुंकी ती जुडी तशीच धरून उभी होती, आणि तिच्या पाठीकडे बघायचेही धाडस तिला झाले नाही.

तात्पर्य : गिऱ्हाइकाच्या तोंडावर जे करायची लाज वाटते, ते त्याच्या पाठीमागेही करू नये.