उंबराखालचा पाचवा खडा

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या माथ्यावर एक वाडी होती. वाडीतली सगळी घरं गवताने शाकारलेली आणि सभोवारही गवतच गवत. पावसाळ्यात ते गुरांना पोसायचं आणि फाल्गुन उजाडला की वाळून वणव्याची वाट बघत बसायचं.

त्या वाडीत दोन भाऊ राहत होते. थोरला शांत, धाकटा तापट. धाकट्याच्या मनात काही आलं की पाय आधी निघायचे, डोकं मागून यायचं. एका चैत्रात भर दुपारी वणवा वाडीत शिरला. धाकटा सगळ्यांत आधी पळाला आणि ओढ्यापलीकडे जाऊन उभा राहिला. थोरल्याला वाटलं, हा घरातच झोपलाय. तो त्याला शोधायला आत गेला. धाकट्याने पलीकडून घसा फाटेपर्यंत हाका मारल्या, पण आगीच्या आवाजात त्या पोचल्या नाहीत. थोरला परत आला नाही.

घर पुन्हा उभं राहिलं. त्यात आई होती, वहिनी होती, वहिनीची पाच वर्षांची चिमी होती आणि धाकटा होता. कितीतरी महिने तो कुणाशी धड बोलला नाही. जेवायला बसला की शेजारी एक पाट जास्तीचा मांडायचा आणि कुणी तो उचलला तर ताटावरून उठायचा. मग माघ सरत आला तेव्हा एका सकाळी तो म्हणाला, "यंदा माझ्या घरातलं कुणी जळणार नाही."

वाडीतली सात घरं वणव्याची तयारी करून असायची. बाकीचे त्यांची टिंगल करायचे. "आग काय पाहुणी आहे का? बसलेत पाट-रांगोळी करून!" पण ती सात घरं ऐकायची नाहीत. त्यांची पुढारी होती वाडीतली म्हातारी सुईण. वाडीतला जवळजवळ प्रत्येक जण तिच्याच हातात जन्मलेला, त्यामुळे तिच्या तोंडी कुणी लागत नसे.

धाकट्याने तिला काही विचारलंच नाही. दोन दिवसांत वीस मडकी पाण्याने भरली. नाचणीची पोती, कोयते, दोर, घोंगड्या, सगळं एका जागी आणून करकचून बांधलं आणि मग सुईणीला बोलावून आणलं.

"बघ आजी, झाली तयारी. आता मला तुमच्यात घे."

सुईणीने ते गाठोडं हलवून बघितलं. ते जागचं हललं नाही.

"हे घेऊन पळणार कोण रे? तुझी आई?"

"मला नका बाई यात धरू," आई म्हणाली. "मी स्वतःलाच कशीबशी उचलते."

सुईण हसली नाही. तिने फळीवरची थाळी काढली आणि पळीने बडवायला सुरुवात केली. "आग लागली! पळा!"

आई चपला शोधायला लागली. वहिनी शेळी सोडायला गोठ्याकडे धावली. चिमी धान्याच्या कणगीत शिरून बसली. धाकटा एकदा हिच्यामागे, एकदा तिच्यामागे, नुसता अंगणात गरगरत राहिला.

सुईणीने थाळी खाली ठेवली. "मडकी भरलीस ते बरं केलंस. पण सुरुवात उलटी केलीस. आधी माणसं मोजायची. मग ती कुठं भेटणार ते ठरवायचं. सामान त्यानंतर, आणि तेही एका हातात मावेल एवढंच."

ती त्याला वाडीखालच्या कातळावर घेऊन गेली. तिथे गवताची काडीही उगवत नसे. मधोमध एक जुना उंबर होता आणि त्याच्या बुंध्याशी प्रत्येक घराचे दोन-दोन परळ, म्हणजे मातीची पसरट ताटं, मांडलेले होते. एका परळात घरात जितकी माणसं तितके खडे. आग लागली की ज्याने त्याने सरळ इथे यायचं, पहिल्या परळातला आपला एक खडा उचलायचा आणि दुसऱ्या परळात टाकायचा.

"पहिल्या परळात खडा राहिला, की माणूस आगीत राहिलं," सुईण म्हणाली. "मग त्या घरचं कुणी मागं फिरायचं नाही. घरच्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. दुसऱ्या घरचा धडधाकट गडी जाणार, आणि तो काही विचारत बसणार नाही. धुरात विचारायला वेळ नसतो. सगळ्या घरांचे पहिले परळ रिकामे झाले, की मी तीनदा शिंग फुंकणार. शिंग ऐकलं, की गेलेल्यानेही परत फिरायचं. जा, तुझ्या घरचे खडे घेऊन ये."

धाकटा ओढ्यात उतरला. बराच वेळ खाली वाकून खडे निवडत राहिला. वर आला तेव्हा त्याच्या मुठीत पाच खडे होते.

"चार, पोरा," सुईण हळूच म्हणाली.

"पाच."

"अरे, घरात तुम्ही..."

"पाच म्हटलं ना! आम्ही पाच जण आहोत!"

सुईणीने पाचही खडे परळात ठेवू दिले. थोरलाही तिच्याच हातात जन्मला होता.

त्यानंतर धाकटा कामाला लागला तो लागलाच. घराभोवती वीस पावलं गवत कापून जमीन उघडी केली. आईच्या चपला दाराशी टांगल्या. शेळीच्या दाव्याला हिसक्याने सुटेल अशी गाठ मारली. रोज थाळी वाजवायची आणि सगळ्यांनी उंबराकडे धावायचं.

"भावजी, भाकरी जळतेय!" वहिनी ओरडायची.

"जळू दे! तू पळ!"

चिमीला तर तो खेळच वाटायचा. कणगीत शिरायचं ती विसरली. उंबराशी सगळ्यांत आधी पोचायची आणि आजीला चिडवायची, "आजी, तू जळालीस!" धाकटा सगळ्यांच्या शेवटी यायचा आणि एकाच मुठीत दोन खडे उचलायचा. एक आपला, एक थोरल्याचा. दोन्ही पलीकडे टाकायचा. परळ रिकामा व्हायचा, म्हणून कुणी काही बोलायचं नाही.

चैत्रात एके दिवशी भर दुपारी वारा फिरला आणि खालच्या दरीतून आग वर चढली.

धाकटा तेव्हा वरच्या उतारावर गवत कापत होता. त्याने बघितलं तर त्याच्या घरावर धुराचा लोट आलेला. कोयता हातातून पडला आणि पाय घराकडे धावले. दहा-बारा पावलं गेल्यावर त्याला ओढा आठवला. आपण ओढ्यापलीकडे सुखरूप उभे आहोत आणि भाऊ आत जातोय. तो थांबला. स्वतःलाच ओढत असल्यासारखा वळला आणि उंबराकडे पळत सुटला.

आई तिथे होती, पायात चपला घालून. वहिनी होती. चिमी वहिनीच्या पदरात तोंड खुपसून बसली होती. धाकट्याने परळातून खडा उचलून पलीकडे टाकला आणि तेवढ्यात आई त्याच्या गळ्यात पडली. "आलास रे! आलास!" तोही लहान मुलासारखा रडायला लागला. कातळावर सगळे खोकत होते, एकमेकांना चाचपत होते. वरती गवत तडतडत जळत होतं.

थोड्या वेळाने एक नवी नवरी घाबरून विचारू लागली, "आमचे हे कुठं गेले? मघाशी इथंच होते."

तिचा नवरा म्हणजे सात घरांतल्या एका घरचा घरजावई. माघातच लग्न होऊन वाडीत आलेला. अंगाने तगडा, म्हणून परळ बघायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. कुणाच्या घरात किती माणसं हे त्याला अजून पाठ नव्हतं. त्याला खडे तेवढे कळत होते.

सुईणीने झपाझप सगळे परळ बघितले. धाकट्याच्या पहिल्या परळापाशी ती थांबली. त्यात एक खडा होता.

"तो तुझ्या घरात गेलाय," ती म्हणाली.

"आमच्या? पण आम्ही तर सगळे..." धाकट्याने परळाकडे बघितलं. घाईत त्याने एकच खडा उचलला होता.

तो घराकडे धावायला निघाला. सुईणीने त्याचा दंड धरला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"कुठं निघालास? तो तुला शोधील आणि तू त्याला! पुन्हा तेच?"

"मग शिंग फुंक ना! फुंक की!"

"फुंकते. पण आत माणूस आहे असं तो खडा सांगतोय. तुझ्या घरचा खडा तूच उचलायचा. उचल."

धाकटा खाली वाकला. ओढ्यातून निवडलेला, गुळगुळीत, काळा खडा. थोरल्याच्या रंगाचा म्हणून घेतलेला. तो उचलला, की मोजणी चारची. त्याने आईकडे बघितलं. आईने होकाराची मान डोलावली. वहिनी म्हणाली, "उचला भावजी. ती पोरगी उभी आहे बघा तिथं. तिचं माझ्यासारखं व्हायला नको."

धाकट्याने खडा उचलला. पलीकडच्या परळात मात्र टाकला नाही. मुठीत घट्ट आवळून धरला आणि ओरडला, "आम्ही चार! चारही आलो! फुंक!"

शिंग वाजलं. एकदा, दोनदा, तीनदा.

मग धुरातून एक माणूस अडखळत खाली आला. भुवया जळलेल्या, उजव्या हाताची कातडी सोललेली. नवरी त्याच्याकडे धावली. तो धाकट्याला शोधत होता.

"दादा, सगळं घर बघितलं. कणगीत हात घातला. आत कुणीच नव्हतं हो."

"नव्हतंच," धाकटा म्हणाला. एवढं म्हणायला त्याला पुरं एक वर्ष लागलं होतं.

संध्याकाळपर्यंत आग ओसरली. धाकट्याने वीस मडक्यांपैकी एक आणवून जावयाचा हात पाण्यात धरून ठेवला. सुईण शेजारी बसली होती. "माझीही चूक आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी बोलायला हवं होतं. मला तुझी कीव आली, आणि जीव जायचा होता याचा."

पुढच्या फाल्गुनापर्यंत सात घरांची एकवीस घरं झाली. नवं कुणी आलं, की सुईण त्याला धाकट्याकडे पाठवायची. माणसं मोठमोठी गाठोडी बांधून यायची. धाकटा गाठोड्याकडे बघायचाच नाही. विचारायचा, "घरात किती जण?" आणि उत्तर मिळालं तरी पुन्हा विचारायचा, "नक्की?"

काळा खडा त्याने घराभोवतीच्या उघड्या जमिनीच्या कडेला पुरला, जिथून दरवर्षी गवत कापायला सुरुवात होते तिथे. चैत्राआधी पहिला कोयता तिथेच चालतो. आणि जेवताना आता चारच पाट मांडले जातात.

तात्पर्य: संकटाची तयारी घरातली माणसं खरी-खरी मोजण्यापासून सुरू होते. गेलेल्या माणसाला मनात जपावं, मोजणीत धरू नये. नाहीतर त्याला शोधायला दुसरं कुणीतरी आगीत जातं.