नळीमाशाचा उपास

एकदा एका मुख्याध्यापकाला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पुन्हा शिष्य व्हावं लागलं, आणि तेही बोटभर माशापायी. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे कान धरलेला माणूस जेव्हा आपला कान आपण होऊन कुणाच्या हाती देतो, तेव्हा प्रकरण गंभीर आहे असं समजावं.

सदानंद केळुसकर निवृत्त होऊन खाडीकाठच्या घरी राहायला आले आणि त्यांनी बैठकीच्या खोलीत काचेची टाकी मांडली. एका सकाळी ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात उतरून, मच्छरदाणीच्या तुकड्याने त्यांनी स्वतः दोन नळीमासे धरले. हा मासा म्हणजे समुद्री घोड्याचा सख्खा चुलतभाऊ. अंग पेन्सिलीहून बारीक, तोंड नळीसारखं, चेहऱ्यावर कायम कुणाच्या तरी तेराव्याला आल्याचा भाव. मास्तर त्या जोडीवर अगदी जीव टाकून बसले.

मासे मात्र काही खाईनात. दुकानातले दाणे झाले, उकडलेल्या अंड्याचा बलक झाला, सुक्या जवळ्याची पूड झाली. आता केळुसकरांचं घराणं पंचक्रोशीत आग्रहासाठी नावाजलेलं. पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले तर बोटांच्या फटींतून कढी वाढणारी ही माणसं. मास्तरांनी तोच कुलाचार टाकीत चालवला. चिमट्यात जवळा धरून माशाच्या तोंडापुढे नाचवायचा, काचेला नाक लावायचं आणि म्हणायचं, "एवढा एकच. माझ्यासाठी." मासा सरकत सरकत टाकीतल्या पंपामागे जाऊन उभा राही. मग मास्तर खुर्ची उचलून पंपाच्या बाजूला जाऊन बसत.

चौथ्या दिवशी एक मासा मेला. मास्तरांनी तो चाफ्याच्या आळ्यात पुरला आणि संध्याकाळी बाबल तांडेलांच्या दारात जाऊन उभे राहिले.

बाबलकाका ऐंशीच्या घरातले. सारा जन्म खाडीवर गेलेला. त्यांची बोली ठेठ मालवणी. ती कागदावर उतरवण्याची प्रज्ञा माझ्यापाशी नाही, म्हणून पुस्तकी करून सांगतो.

"काका, दुसराही जाईल हो," मास्तर म्हणाले. "मीच आणला त्याला. काय वाट्टेल ते सांगा, करतो."

"परवा संध्याकाळपर्यंत बघू," काका म्हणाले. "तोवर खाल्लं नाही तर खाडीत सोडायचा. कबूल?"

मास्तरांनी कबूल केलं.

तासाभरात काका आले ते हातात शेवाळाचा चिखलाने बरबटलेला पुंजका घेऊन. घासूनपुसून लख्ख केलेल्या टाकीतलं सगळं अन्न त्यांनी गाळून बाहेर काढलं आणि तो घाणेरडा पुंजका सरळ आत सोडला. मग मास्तरांचं धुतलेलं धोतर दोरीवरून ओढलं, टाकीवर पांघरलं, स्वयंपाकघराच्या बाजूला वीतभर फट ठेवली. शेवटी मास्तरांची खुर्ची फिरवून भिंतीला तोंड करून लावली आणि त्यांच्या मांडीवर एक गुंतलेलं जाळं टाकलं.

"हे सोडवा. टाकीकडे पाठ."

"किती वेळ?"

"परवा संध्याकाळपर्यंत. घरात असाल तेव्हा इथेच."

पत्नी मालिनीताई दारातून म्हणाल्या, "काका, हेच तुम्ही वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर माझंही भलं झालं असतं."

पहिली संध्याकाळ मास्तरांनी कशीबशी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पाण्याचा तांब्या मागवला, घोटभरही न पिता तो डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्या लखलखीत पोटात मागच्या टाकीचं प्रतिबिंब दिसतं का ते तिरकं होऊन पाहू लागले. नेमके तेव्हाच काका आत आले. काकांनी तांब्या काढून घेतला आणि त्यातलं पाणी सावकाश पिऊन टाकलं.

"मास्तर, मासा जगायला हवा आहे, की तो खाताना तुम्हाला दिसायला हवा आहे?"

मास्तरांनी पस्तीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले, पण असा कोपऱ्यात घेणारा एकही विचारला नव्हता.

काका शेजारी जमिनीवर बसले. "तुमचा जवळा मेलेला. जे स्वतःहून हलत नाही ते या माशाला अन्नच वाटत नाही. शेवाळात किडे आहेत, खसखशीच्या दाण्याएवढे, जिवंत. ते तो टिपेल. पण डोक्यावर कुणी उभं असलं की बिचारा आधी जीव वाचवणार, पोट मागाहून बघणार. पंगतीतला पाहुणा पोट भरलं तरी तुमचा मान राखायला चार घास खातो. हा तुमच्याकडे पाहुणा म्हणून आलेला नाही, मास्तर. तुम्ही याला धरून आणलंय. हा तुमच्यासाठी कशाला खाईल?"

मास्तरांना लाज वाटली, आणि चाफ्याखालच्या माशाची आठवण होऊन फार वाईट वाटलं. मग त्यांनी जाळं पुढे ओढलं आणि खरोखरच गाठी सोडवायला लागले.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलली. खाडीत सोडायला म्हणून बादली दाराशी भरून ठेवलेली होती. मालिनीताई भाजी चिरता चिरता फटीतून सहज पाहत होत्या. त्यांचे हात थांबले.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "खातोय तो."

मास्तरांच्या बोटांतली गाठ निसटली. खुर्ची करकरली. मग त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि भिंतीकडेच बघत विचारलं, "कसा दिसतो खाताना?"

"खाताना तसं दिसतच नाही काही. तोंडासमोर एक ठिपका असतो, आणि मग तो नसतो."

मास्तरांनी मान डोलावली. तेवढं त्यांना पुरलं.