सरदारांची दोन बोटं फरशी

सरदार खंडेराव निंबाळे नवा दिवाणखाना बांधत होते. मुरूम चोपून जमीन टणक झाली, तेव्हा पाथरवट सटवाजीने दोन बोटं जाडीची फरशी सुचवली.

"दोन बोटं?" सरदार भर सदरेत गरजले. "एवढी तर आमच्या कारकुनाकडे आहे! आमच्या इभ्रतीला शोभेल अशी हातभर जाड घाल, नाहीतर हत्यारं गुंडाळ."

तीन पिढ्या फरशा बसवणाऱ्या घरातला सटवाजी ताठ मानेने म्हणाला, "घालतो, सरकार. पण एवढी जाड फरशी लागते ती खालची जमीन पोकळ असेल तिथं. लोक विचारतील, सरदारांचा पायाच कच्चा आहे की काय?"

सरदारांनी मिशीवरून हात फिरवला.

"दोन बोटंच घाल," ते म्हणाले. "केसभरही जास्त नको!"

सटवाजीने फेटा सावरला आणि त्याच दुपारी पहिली फरशी बसवली.