उन्हाचा पट्टा

चाळीच्या अंगणात उन्हाचा एकच पट्टा यायचा आणि कंत्राटदार धुमाळ आपलं गाडीचं धूड नेमकं तिथेच लावायचे. पुतणीच्या रुखवताच्या कुरडया घालायच्या होत्या, म्हणून कुमुदकाकूंनी त्यांना गाडी काढायला सांगितली.

"रिकामी जागा दिसली, लावली!" धुमाळ गुरकावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्टुलावर चढल्या, गाडीच्या टपावर धुवट लुगडं अंथरलं आणि त्यावर ओल्या कुरडया घातल्या.

"माझ्या गाडीवर?" धुमाळ कडाडले.

"रिकामा टप दिसला, घातल्या!" काकूंनी त्यांच्या हाती काठी दिली. "वाळेपर्यंत गाडी हलवू नका, आणि कावळे तेवढे हाका."

अख्खी चाळ बघत होती. लग्नाचं वाळवण मोडायची छाती धुमाळांचीही होईना. दिवसभर ते कावळे हाकत बसले.

दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्यात नुसतं ऊन होतं.