रिकाम्या खुर्च्यांचा वर्ग

मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांना शिकवायला शिकवण्याचा वर्ग उल्का टिकेकर घ्यायच्या. घ्यायच्या म्हणजे काय, दर शनिवारी खुर्च्या मांडायच्या, वाट बघायची आणि त्या पुन्हा भिंतीला लावून ठेवायच्या. कुणी फिरकायचंच नाही. कँटीनमध्ये त्यांना "मास्तरांची मास्तरीण" म्हणून हसायचे, म्हणून डबाही त्या इथेच एकट्या खायच्या.

एका शनिवारी दार उघडलं. आले ते डीन, नावाजलेले सर्जन रणदिवे.

"बाई, ही खोली आम्हाला हवी आहे. अहो, ज्याला काम येतं त्याला शिकवता येतंच!"

"मग मला टाक्याची गाठ शिकवा, सर." उल्काबाई औषधशास्त्राच्या, आयुष्यात कधी टाका घातला नव्हता. त्यांनी खुर्चीच्या दांड्याला दोरा अडकवला. "फक्त हात मागे ठेवा. ऑपरेशनच्या वेळी मुलांना तुमची पाठच दिसते."

रणदिवे हसले. "सोपं आहे. हे टोक असं घ्या, ते तसं फिरवा आणि ओढा."

बाईंनी घेतलं, फिरवलं, ओढलं. दोरा सुटून हातात आला.

"असं नाही हो, असं!"

"असं म्हणजे कसं, सर?"

रणदिव्यांचे हात पाठीमागे नुसतेच वळवळत राहिले.

"सर, गाठ तुमच्या हातांना येते. तोंडाला अजून येत नाही."

साहेब दाराकडे वळले. बाई सवयीने खुर्च्या उचलू लागल्या.

"एक राहू द्या," असं म्हणत रणदिवे परत येऊन बसले.

बाईंनी खडू घेतला, पण पहिलं वाक्यच सुचेना. समोर माणूस असण्याची सवयच मोडली होती.