शेंदराखालची ओळ

“खरवडून काढू का, गुरुजी?”

नाडगौडा गुरुजी ओसरीवर बसले होते. त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाजावरून त्यांनी आपल्या शिष्याला ओळखलं.

“काय खरवडायचंय, नरहर?”

“सावळगावच्या शिळेवरचा शेंदूर.”

नरहर कोटणीसांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि सुट्ट्यांत गावोगावचे शिलालेख वाचून तालुक्याचा इतिहास जुळवला. तालुक्यात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे, आणि त्यांनाही ते आवडायचं. एकच ओळ वाचायची राहिली होती. सावळगावचं तळं कुणी खोदलं, ते नाव त्या ओळीत होतं. अक्षरं झिजलेली, म्हणून निवृत्तीनंतर निवांत वाचू, असं त्यांनी ठरवलं होतं.

“शेंदूर कुणी लावला?”

“गावानं. मीच वर्गात सांगायचो, यावर धुणं आपटू नका, कोयते घासू नका, हा दगड तुमच्या गावाचा जीव आहे. ती मुलं आता गावची कारभारी झाली... त्यांनी त्याचा देव केला.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. हसण्यासारखंच होतं, पण दोघांपैकी कुणी हसलं नाही.

“खरवडलंस तर अक्षरं राहतील?”

“नाही. शेंदराबरोबर तीही निघून येतील.”

“तरी गेलास?”

“गेलो. चाकू घेऊन गेलो. एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू दगडापुढं ठेवून बसली होती. मला बघून बाजूला सरली. म्हणाली, या सर, तुम्हीच तर सांगितलं होतं.”

“मग?”

नरहर आपलं बोट चोळत राहिले.

गुरुजींनी हात पुढे केला. नरहरांचं बोट चाचपलं, नाकाशी नेलं. त्याला शेंदूर कालवलेल्या तेलाचा वास होता.

“खरवडलास?”

“नाही...” नरहरांनी मान खाली घातली. “लावला.”

गुरुजींनी ते बोट तसंच धरून आपल्या कपाळाला टेकवलं.

नरहरांना आता रडू आवरेना. “ते नाव गेलं, गुरुजी. कायमचं गेलं. तुम्हीही जन्मभर हेच शिकवलंत, तुमच्या वाट्याला असं का नाही आलं?”

गुरुजींनी ते बोट सोडलं.

“माझे दगड अजून उघडेच आहेत, नरहर. लोक त्यांवर धुणं धुतात. माझं कधी कुणी ऐकलंच नाही.”